जुन्या निसर्गचित्रांतले वाटसरू नेहमी बसलेलेच का असतात?

जुन्या वळणाच्या हॉटेलांच्या लॉबीत, जिमखान्यांत, कधी एखाद्या वकिलाच्या ऑफिसात फिकट रंगांची एक फ्रेम टांगलेली दिसते. भलामोठा वड, मागे देऊळ नाहीतर नदीचा घाट, आणि वडाखाली टेकलेली दोन-चार माणसं. बहुतेक वेळा ते चित्र थॉमस आणि विल्यम डॅनियल या इंग्रज काका-पुतण्यांचं असतं, अठराव्या शतकाच्या अखेरीचं. त्याच काळातली इंग्लंडची किंवा फ्रान्सची निसर्गचित्रं पाहिली तर वडाच्या जागी ओक येतो, देवळाच्या जागी चर्चचा मनोरा येतो, पण झाडाखालची मंडळी तीच. पाठमोरी, चेहरा धड न दिसणारी, गाठोडं बाजूला ठेवून निवांत बसलेली.

एकदा हे लक्षात आलं की प्रत्येक चित्रात तेच दिसायला लागतं. मग साधा प्रश्न पडतो. ही माणसं कोण? प्रवासाला निघालीत तर चालताना का दिसत नाहीत? चित्राच्या नावात ‘विसावलेले प्रवासी’ असं लिहिलेलं असतं, पण त्या प्रवाशांचं नावगाव कुठेच नसतं. ‘शोभेसाठी काढलेत’ एवढ्यावर बोळवण केली जाते. हे उत्तर अर्धवट आहे. ती माणसं तिथे बसवलेली आहेत, आणि बसवण्यामागे चित्रकाराचा, गिऱ्हाइकाचा आणि त्या काळच्या जमीनदारीचाही हिशेब आहे.

## निसर्गचित्राला आधी मान नव्हता

आज आपण डोंगर-झाडांचं चित्र घरात बेधडक लावतो. सतराव्या शतकातल्या युरोपात नुसत्या झाडांच्या चित्राला प्रतिष्ठा नव्हती. फ्रान्सच्या राजेशाही चित्रकला अकादमीसाठी लिहिताना आंद्रे फेलिबियाँ यांनी १६६० च्या दशकात चित्रप्रकारांची उतरंडच मांडून ठेवली. सगळ्यांत वर धर्मकथा, पुराण आणि इतिहास. त्याखाली व्यक्तिचित्र, मग प्राणी, त्याखाली निसर्गदृश्य, आणि तळाला फळं, फुलं, शिंपले. माणसाचं कर्तृत्व रंगवणारा मोठा चित्रकार, झाडं रंगवणारा धाकटा.

मग झाडंच रंगवायची हौस असलेल्यांनी पळवाट काढली. धर्मकथा घ्यायची, पण ती चित्राच्या कोपऱ्यात बोटभर उंचीच्या माणसांत उरकायची आणि उरलेला सगळा कॅनव्हास आपल्या झाडांना द्यायचा. यासाठी सगळ्यांत सोयीची गोष्ट होती येशूच्या बालपणातली. हेरोद राजाच्या भीतीने मरिया आणि योसेफ बाळाला घेऊन इजिप्तकडे पळून गेले, असं मत्तयच्या शुभवर्तमानात येतं. वाटेत ते झाडाखाली विसावले, असं मात्र त्यात कुठेही नाही. तो विसावा पुढच्या दंतकथांनी आणि चित्रकारांनी घातला. थकलेलं कुटुंब, एक गाढव, डेरेदार झाड आणि मागे पसरलेला मुलूख. निसर्गचित्रकाराला याहून काय हवं?

हळूहळू गिऱ्हाईक झाडांना सरावलं, धर्मकथेची अट सैल झाली. प्रभावळ गेली, गाढव राहिलं. अठराव्या शतकातल्या चित्रांत वाटेकडेला बाळाला घेऊन बसलेली एखादी खेडूत बाई दिसते, तिच्या बसण्यात कुठेतरी ती मरिया अजून असते.

या मधल्या स्थित्यंतरातला सगळ्यांत वजनदार माणूस म्हणजे क्लोद लोरँ. जन्माने लोरेन प्रांतातला, आयुष्य गेलं रोममध्ये, मृत्यू १६८२ मध्ये. दोन्ही बाजूंना उंच झाडं, मधे पाणी, पार मागे सोनेरी धुक्यात विरघळणारे डोंगर, आणि पुढच्या सावलीत चिमुकली माणसं, ही मांडणी त्याने इतकी पक्की केली की पुढची दीडशे वर्षं युरोपातल्या चित्रकारांना ती पाठ होती. माणसं काढणं ही त्याची दुबळी बाजू. आपण निसर्गदृश्य विकतो, माणसं वर फुकट देतो, असं तो स्वतःच म्हणायचा अशी आख्यायिका आहे.

इंग्लंडच्या श्रीमंतांना क्लोदचं वेड लागलं. शिक्षण पुरं झालं की उमरावांच्या मुलांनी इटलीची लांबलचक सहल करून यायची पद्धत होती, आणि येताना क्लोदचं एखादं चित्र आणायचं. सर जॉर्ज बोमाँट नावाच्या रसिकाकडे क्लोदचं एक छोटं चित्र होतं. बायबलमधली, ओसाड रानात भटकणारी हागार नावाची दासी आणि तिला धीर देणारा देवदूत, म्हणजे पुन्हा थांबलेला प्रवासीच. ते चित्र त्याला इतकं प्रिय की प्रवासाला जाताना तो ते घोडागाडीत बरोबर घ्यायचा. पुढे त्याने ते देशाला दिलं, आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

## ही माणसं चित्रात नेमकं काय करतात?

निसर्गचित्रात मुख्य विषय नसलेल्या, भर म्हणून घातलेल्या अशा माणसांना आणि जनावरांना चित्रकलेत ‘स्टाफाज’ म्हणतात. हा शब्द पुन्हा लागणार नाही. इतकं कळलं म्हणजे झालं की हा वेगळा कसब मानला जायचा आणि कधीकधी वेगळ्या माणसाकडून करून घेतला जायचा. हॉलंडमध्ये आद्रियान व्हान द व्हेल्ड इतरांच्या निसर्गचित्रांत माणसं आणि गुरं घालून द्यायचा. व्हेनिसच्या मार्को रिच्चीच्या चित्रांत त्याचे काका सेबास्तियानो माणसं रंगवायचे. म्हणजे झाडाचा कर्ता एक आणि त्याखाली टेकलेल्या म्हाताऱ्याचा कर्ता दुसरा, असं एकाच कॅनव्हासवर घडायचं.

या माणसांचं पहिलं काम मापाचं. नुसतं झाड काढलं तर ते वीस फुटी की साठ फुटी, हे डोळ्याला कळत नाही. खाली माणूस बसला की लगेच कळतं. बसलेला माणूस उभ्यापेक्षा बुटका, त्यामुळे झाड आणखी उंच वाटतं, हा आतला फायदा.

दुसरं काम चित्राला खोली देण्याचं. संगीत नाटकाचा जुना रंगमंच आठवा. दोन्ही बाजूंना रंगवलेल्या विंगा, त्यांच्या पुढे काळोखी कड, आणि मागच्या पडद्यावर उजळलेलं नगर किंवा उपवन. विंगांमुळेच तो सपाट पडदा लांबवर गेल्यासारखा वाटतो. क्लोदच्या वळणाच्या चित्रात कडेचं गडद झाड आणि त्याखालची सावलीतली माणसं विंगेचं काम करतात. आधी नजर त्यांच्यावर टेकते, तिथून वाटेवर, वाटेवरून पुलावर, पुलावरून टेकडीवर. माणसं काढून टाकली तर नजर आत शिरायला जागाच राहत नाही.

तिसरं काम इंग्रज चित्रकार टॉमस गेन्सबरो याने एका पत्रात फार मोकळेपणाने सांगून ठेवलंय. गेन्सबरो (१७२७ ते १७८८) सफकमधल्या सडबरी गावचा. पोट भरायला श्रीमंतांची व्यक्तिचित्रं काढायचा, जीव मात्र निसर्गचित्रात. त्याचा संगीतकार मित्र विल्यम जॅक्सन याने त्याला सुचवलं की तुझ्या निसर्गचित्रांत इजिप्तकडच्या पलायनासारखा भारदस्त विषय घाल ना. त्यावर १७६७ मध्ये गेन्सबरोने उत्तर लिहिलं. इजिप्तकडचं पलायन कसलं, माझंच बाथ शहरातून पलायन तर तुझ्या मनात नाही ना, अशी सुरुवातीला थट्टा. (तेव्हा तो बाथला राहून व्यक्तिचित्रांच्या धंद्याला विटलेला होता.) इतिहासचित्राला किती खटपट लागते, त्यापेक्षा माझी कोळसा वाहणारी घोडी नि गाढवं बरी, असंही तो म्हणतो. मग गंभीर होतो. निसर्गचित्रातली माणसं जागा भरण्यापुरती असावीत, ‘भोक बुजवण्यापुरती’ असं मी म्हणणार नाही. डोळ्याला थोडा उद्योग मिळावा, नजर झाडांवरून ढळावी आणि दुप्पट आनंदाने पुन्हा झाडांकडे यावी, एवढ्यासाठीच ती.

मला या विषयावरचं हे सगळ्यांत प्रामाणिक उत्तर वाटतं. गेन्सबरोच्या मते माणूस हा चित्रातला विसावा आहे, आणि तो विसावा आपल्या नजरेसाठी आहे.

याच गेन्सबरोचं ‘द मार्केट कार्ट’ हे मोठं चित्र पाहा. १७८६ चं, म्हणजे उतारवयातलं, नॅशनल गॅलरीत आहे. दाट झाडीतून येणारी वाट, भाजीने भरलेली गाडी, गाडीवर बसलेल्या दोन मुली, वाटेच्या कडेला विसावलेली माणसं. रॉयल अकादमी या लंडनच्या चित्रकारांच्या संस्थेशी चित्रं किती उंचीवर टांगायची यावरून १७८४ मध्ये त्याचं बिनसलं होतं, म्हणून हे चित्र त्याने लंडनमधल्या आपल्या घरीच लोकांना दाखवलं. लोकांनी पाहून झाल्यावर पुढच्या वर्षी त्याने त्यात सरपण गोळा करणारं आणखी एक माणूस घातलं. त्या सरपणवाल्याची गरज आधी कुणाला भासली नव्हती. मांडणी पुन्हा पाहताना चित्रकाराला ती भासली आणि माणूस आला.

गेन्सबरो गेल्यावर अकादमीचा अध्यक्ष, चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्सने एका व्याख्यानात आणखी एक गंमत सांगितली. गेन्सबरो टेबलावर दगडांचे तुकडे, वाळक्या काड्या-पाला आणि आरशाचे तुकडे मांडायचा आणि त्यांतून खडक, झाडं आणि पाणी मोठं करून रंगवायचा. जंगलच टेबलावरचं, तर जंगलातला वाटसरू कुठला असणार?

## पण बसलेलीच का? चालत का नाहीत?

चालणारा माणूस दिसला की आपण विचारतो, हा कुठे चालला? तिथे गोष्ट सुरू होते आणि नजर चित्राच्या चौकटीबाहेर जायला लागते. काम करणारा दिसला तर घाम दिसतो. बसलेला माणूस काहीच मागत नाही. त्याला वेळ आहे, म्हणून आपल्यालाही वेळ आहे असं वाटतं. चित्र विकत घेणारा आपल्या दिवाणखान्यात खुर्चीत बसून ते बघणार आहे, आणि आतला माणूसही बसून तेच दृश्य बघतोय. पाठमोरा का, याचंही उत्तर इथे मिळतं. त्याला चेहरा दिला तर तो कुणीतरी विशिष्ट माणूस होतो, आणि मग त्याच्या जागी आपण जाऊ शकत नाही.

त्या काळच्या प्रेक्षकांनी हा खेळ मनापासून खेळला. फ्रेंच लेखक दनी दिदरोने १७६७ च्या पॅरिस प्रदर्शनावर लिहिताना चित्रकार जोसेफ व्हेर्नेच्या निसर्गचित्रांचं वर्णन चित्रं म्हणून केलंच नाही. आपण गावाकडे गेलोय, एका धर्मगुरूबरोबर डोंगरदऱ्यांत हिंडतोय, इथे बसलो, तिथे बसलो, असं पानंच्या पानं लिहीत गेला. ही सगळी व्हेर्नेची चित्रं होती, हे नंतर कबूल करतो.

इंग्लंडमध्ये याची रीतसर नियमावली झाली. विल्यम गिल्पिन नावाच्या पाद्रीने वाय नदीच्या सफरीवर १७८२ मध्ये पुस्तक काढलं आणि ‘पिक्चरेस्क’ ही कल्पना घरोघर नेली. पिक्चरेस्क म्हणजे चित्रात शोभेल असं. गुळगुळीत, नीटनेटकं ते त्यात बसत नाही. खडबडीत, पडकं, वाकडंतिकडं ते बसतं. टिंटर्नच्या पडक्या मठाच्या भिंती त्याला जरा जास्तच नीट वाटल्या, तेव्हा हातोडीचे चार नेमके घाव घातले तर बरं दिसेल, असं हा सद्गृहस्थ लिहून गेला. माणसांनाही त्याने तोच नियम लावला. १७८६ च्या पुस्तकात तो साफ म्हणतो की नीतीच्या दृष्टीने कष्टाळू कारागीर रेंगाळणाऱ्या खेडुतापेक्षा बरा, पण चित्राच्या दृष्टीने उलट.

तेव्हाच्या पर्यटकांचं वेडही सांगितलंच पाहिजे. क्लोदच्या चित्रासारखं दृश्य दिसावं म्हणून ते खिशात काळसर फुगीर आरसा बाळगायचे आणि खऱ्या डोंगराकडे पाठ करून आरशातला डोंगर बघायचे. कवी टॉमस ग्रे १७६९ मध्ये केझिकजवळ असाच आरसा हातात धरून चालताना चिखलाच्या वाटेवर पाठीवर आपटला. बोटांची सालटी निघाली, पण आरसा शाबूत राहिला आणि त्यात त्याने सूर्यास्त पाहिलाच. सेल्फी काढताना तोल जाणाऱ्यांना हसताना हा गृहस्थ आठवावा.

## खऱ्या रस्त्यावर टेकलं तर?

आता चित्र बाजूला ठेवून त्याच काळच्या इंग्लंडच्या रस्त्यावर जाऊ. शेतीवर लिहिणारा आर्थर यंग उत्तर इंग्लंडमध्ये फिरला. विगनकडच्या रस्त्याबद्दल त्याने १७७० मध्ये लिहिलं की गाड्यांच्या चाकोऱ्या चार-चार फूट खोल आहेत, मी स्वतः मोजल्या, आणि त्या चिखलाने भरलेल्या आहेत. हा साधा रस्ता नव्हता, टोल घेऊन सांभाळलेला होता.

अशा रस्त्यावर ऐपतीचा माणूस घोड्यावर किंवा बग्गीतून जायचा. पायी चालायचा तो गरीब. आणि गरिबाने वाटेत बसणं ही साधी गोष्ट नव्हती. १६६२ च्या कायद्याने गरिबाची जबाबदारी त्याच्या मूळ गावच्या पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीप्रमाणे आखलेल्या स्थानिक कारभारावर, टाकली होती, त्यामुळे दुसऱ्या गावात तो ओझं होईल असं वाटलं तर त्याला परत धाडता येत असे. १७४४ च्या भटकेगिरीविरुद्धच्या कायद्यात तर आळशी, भटके आणि सुधारण्यापलीकडचे अशा पायऱ्याच होत्या. पकडून देणाऱ्याला बक्षीस, पकडलेल्याला फटके किंवा कोठडी. धंदा नाही, घर नाही, झाडाखाली बसलाय, म्हणजे चित्रातला वाटसरू कायद्याच्या पुस्तकात संशयित.

हे नुसतं कायद्याच्या कलमांत नव्हतं. कार्ल फिलिप मॉरिट्झ हा बर्लिनचा शिक्षक १७८२ मध्ये इंग्लंडला आला. खिशात मिल्टनचं महाकाव्य, आणि ठरवलं की देश पायी पाहायचा. दमला की कुंपणाच्या सावलीत बसून वाचायचा. पण शेजारून घोड्यांवरून, गाड्यांतून जाणारे लोक त्याच्याकडे टकामका बघायचे आणि याचं डोकं फिरलंय असे हातवारे करायचे. शेवटी बसून वाचणंही नकोसं झालं. विंडसरच्या आसपासच्या खाणावळींत त्याला भिकाऱ्यासारखी वागणूक मिळाली. पायी प्रवास करणाऱ्याला इथे रानटी माणसासारखं समजतात, त्याच्याकडे बघतात, कीव करतात, संशय घेतात आणि त्याला टाळतात, असं त्याने लिहून ठेवलंय. त्याच साली, त्याच देशात, सावलीत बसलेल्या प्रवाशाचं चित्र दिवाणखान्यात कौतुकाने टांगलं जात होतं.

जमिनीचंही याच काळात काहीतरी मोठं घडत होतं. गावाची सामाईक जमीन, आपल्या भाषेत गायरान, पार्लमेंटचा कायदा करून वाटून कुंपणात घालण्याची मोहीम अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जोरात होती. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून अधिक कायदे झाले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या एकूण क्षेत्रफळाच्या पाचव्या हिश्शाहून थोडी जास्त, त्यांत आली. जिथे कुणीही गाय चारायचा, सरपण वेचायचा, घटकाभर टेकायचा, ती जागा एकाच्या मालकीची झाली. गेन्सबरोच्या रानातला सरपणवाला ज्या हक्काने काटक्या वेचतो, तो हक्क त्याच सुमारास गावोगाव संपत होता. जागा कमी होत गेल्या तशी त्यांची चित्रं खपत राहिली. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

## चित्रकाराच्या डोक्यात एवढं सगळं असेल का?

हा आक्षेप रास्त आहे. गेन्सबरो सकाळी उठून ‘आज गरिबी लपवूया’ म्हणून कुंचला उचलत नव्हता. उलट तो रस्त्यावरच्या गरीब मुलांना घरी बोलावून मॉडेल म्हणून बसवायचा. त्याचं डुकरांजवळ बसलेल्या मुलीचं चित्र १७८२ मध्ये रेनॉल्ड्सने शंभर गिनींना विकत घेतलं, आणि त्या मुलीच्या चेहऱ्यावर मजेचा लवलेशही नाही. माणूस सहृदय होता.

पण चित्रकाराचा हेतू आणि चित्राच्या मांडणीचा परिणाम या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात. त्याला क्लोदची चौकट मिळाली होती, त्या चौकटीत बसलेलाच माणूस शोभायचा, आणि पैसे देणारा जमीनदार होता. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की कुणीही कट न करता चित्रातून श्रम आणि भीती आपोआप गळून पडतात.

‘अहो, सुंदर आहे, बघा आणि पुढे चला, कशाला एवढा कीस?’ असंही कुणी म्हणेल. जरूर बघा. सूर्यप्रकाश पानांमधून कसा गाळून उतरवलाय हे पाहताना मीही कायद्याची कलमं आठवत नाही. फक्त ‘तेव्हा माणसं किती निवांत होती, आता ते दिवस राहिले नाहीत’ असा उसासा त्या चित्राच्या जोरावर टाकू नये.

## तीच चौकट हिंदुस्थानात येते

इथपर्यंतचा किस्सा परदेशी. पण ही चौकट बोटीतून आपल्याकडेही आली. आधी विल्यम हॉजेस, जो कॅप्टन कुकबरोबर प्रशांत महासागर पाहून आला होता. तो १७८० ते १७८३ इथे होता. मग डॅनियल काका-पुतणे, १७८६ मध्ये कलकत्त्याला. थॉमस डॅनियल हा चर्ट्सी गावच्या खाणावळवाल्याचा मुलगा, म्हणजे वाटसरूंच्या राबत्यात वाढलेला. पुतण्या विल्यम निघाला तेव्हा सोळा वर्षांचा. दोघे गंगेकाठाने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत गेले, मग १७९२ मध्ये दक्षिणेत, आणि १७९३ मध्ये मुंबईला. परतल्यावर १७९५ ते १८०८ या काळात त्यांनी १४४ चित्रांचा ‘ओरिएंटल सीनरी’ हा संच छापला. तांब्याच्या पत्र्यावर राळेची भुकटी बसवून आम्लाने कोरायचं, छाप काढायचा आणि वर हाताने जलरंग भरायचे, असं ते तंत्र. लॉबीतली फिकट फ्रेम त्यांतल्याच एखाद्या चित्राची पुनःछपाई असते. मूळ चित्रं पाहायची तर कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये त्यांचा मोठा संग्रह आहे.

मुंबईत त्यांची गाठ पडली जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराशी. तिघांनी मिळून घारापुरी, कान्हेरीची लेणी पाहिली. वेल्स १७९१ मध्ये आला होता. पुढच्या वर्षी पुण्याला जाऊन त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं चित्र काढलं. आज नानांचा जो चेहरा आपल्या डोळ्यांसमोर येतो तो बराचसा वेल्सने दिलेला. १७९५ मध्ये तो तापाने वारला, आणि मुंबई बेटाची त्याची बारा दृश्यं १८०० मध्ये लंडनला छापली गेली. मलबार हिलवरून दिसणारी मुंबई, सायनच्या किल्ल्यावरून दिसणारी मुंबई. आज त्या जागी उभं राहून पाहिलं तर समोर काय दिसेल हे मुंबईकरांना सांगायला नको.

इथे एक मजेशीर उलटापालट होते. इंग्लंडमध्ये झाडाखाली बसणारा प्रवासी कायद्याने संशयित होता. आपल्याकडे त्याच्यासाठी पार बांधणं, विहीर खोदणं, धर्मशाळा उभारणं हे पुण्याचं काम होतं. अहिल्याबाई होळकर त्याच काळात ठिकठिकाणी घाट आणि धर्मशाळा बांधत होत्या. उन्हाचं चालायचं नाही, पहाटे निघायचं, दुपारी सावलीत मुक्काम, हा इथल्या प्रवासाचा सरळ हिशेब. म्हणजे डॅनियलांच्या वडाखाली माणसं बसलीत हे इंग्रजी ओकाखालच्या माणसांपेक्षा कितीतरी खरं आहे. पण त्यांची मांडणी क्लोदच्या विंगेतलीच राहिली, आणि लंडनच्या गिऱ्हाइकाला ती ‘या देशात सगळे निवांत बसलेलेच असतात’ अशी दिसायला कितीसा वेळ लागणार?

काय दिसत नाही, तेही पाहावं. १७९१-९२ च्या सुमारास दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होता. वाटांवर इतकी माणसं मेली की त्याला कवट्यांचा दुष्काळ म्हणून ओळखलं गेलं. डॅनियल दक्षिणेत फिरले तो हाच काळ, टिपूशी झालेल्या युद्धानंतरचा. त्यांच्या १४४ चित्रांवरून याचा थांग लागत नाही.

## मग ही चित्रं पुरावा म्हणून धरायची की नाही?

धरायची, पण सगळ्या भागांना सारखं वजन देऊन नव्हे. डॅनियल कॅमेरा ऑब्स्क्युरा वापरायचे. ही भोकातून आत आलेल्या प्रकाशाने कागदावर दृश्य पाडणारी पेटी असते, त्यावरून रेषा गिरवता येतात. त्यामुळे शिखर, कमान, खांबांची संख्या यांवर बराच भरवसा ठेवता येतो. झाडं कमी भरवशाची, कारण चौकटीला लागेल तशी ती सरकतात. माणसं सगळ्यांत शेवटी. पोशाख, भांडी, हत्तीचा हौदा हे तपशील बघण्यासारखे असतात; तो माणूस त्या दिवशी तिथे बसला होता का, हे मात्र त्या चित्रावरून सिद्ध होत नाही.

याचा सगळ्यांत बोलका नमुना पुण्याचाच आहे. पेशव्यांच्या दरबारात १७९० मध्ये टिपूविरुद्ध तह झाला, त्याचं थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये मोठं तैलचित्र केलं. ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेट, पेशवे, नाना, दरबारी, सगळे जागच्या जागी बसलेले. हे चित्र आता लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. डॅनियल त्या दरबारात नव्हता. ज्या वेल्सच्या अभ्यासचित्रांवरून त्याने चेहरे घेतले, तो वेल्सही नव्हता. तह झाल्यावर वर्षभराने तो मुंबईत उतरला. म्हणून या चित्रातला नानांचा चेहरा पुरावा म्हणून वापरता येतो, आणि कोण कुणाच्या शेजारी बसलं होतं, हे वापरता येत नाही.